कायद्याच्या छायेतील चित्रपट : ब्रिटिश गुन्हेपटांची वाटचाल

गुन्हेगारी चित्रपट हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो असे म्हटले, तर अद्यापही काही विद्वानांच्या कपाळावर आठी उमटते. खून, चोरी, पाठलाग आणि शेवटी अटक एवढ्या सामग्रीवर दोन घटका करमणूक करणारा हा प्रकार. त्यात विचार करण्याजोगे काय असणार, असा एक समज आहे. हा समज सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येत नाही, कारण या प्रकारातील बहुसंख्य चित्रपट विसरून जाण्याच्याच योग्यतेचे आहेत. परंतु ब्रिटनमध्ये १९२७ पासून १९६१ पर्यंत निघालेल्या गुन्हेपटांचा क्रम लावून पाहिला, तर करमणुकीच्या धाग्याबरोबर दुसराही एक धागा त्यांत सातत्याने विणलेला आढळतो. तो धागा कायद्याचा होय.

या चित्रपटांचा कायद्याशी तीन प्रकारांनी संबंध आला. त्यांना बाजारपेठ मिळाली ती पार्लमेंटने केलेल्या एका कायद्यामुळे. त्यांच्या कथांना विशिष्ट वळण लागले ते चित्रपट-परीक्षकांच्या नियमांमुळे. आणि अखेरीस त्यांतील काही मोजक्या चित्रपटांनी खुद्द कायद्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. या तीन अवस्थांचा क्रमाने परामर्श घ्यावा, आणि त्या घडविणाऱ्या माणसांचा परिचय करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कायद्याने दिलेला जन्म

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील चित्रपटगृहांवर अमेरिकन चित्रपटांचे जवळजवळ निर्विवाद स्वामित्व प्रस्थापित झाले होते. देशी चित्रपटधंदा नामशेष होतो की काय, अशी भीती उत्पन्न झाली, तेव्हा १९२७ साली पार्लमेंटने सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्ट संमत केला. दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकी ठरावीक हिस्सा ब्रिटिश असलाच पाहिजे, असे बंधन या कायद्याने वितरक आणि चित्रपटगृहांचे मालक या दोघांवरही घातले. चित्रपटगृहांच्या बाबतीत हा हिस्सा प्रारंभी पाच टक्के होता व तो टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांवर जावयाचा होता. 'ब्रिटिश' या शब्दाची व्याख्याही साम्राज्यव्यापी होती. कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहिले, तर मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेला चित्रपटदेखील या हिश्शात मोजला जाण्यास प्रत्यवाय नव्हता.

हेतू स्तुत्य होता. परिणाम मात्र थोडा विपरीत झाला. लंडनमध्ये शाखा असलेल्या अमेरिकन वितरक कंपन्यांना आता कायद्याची पूर्तता करण्यापुरते ब्रिटिश चित्रपट हवे होते. ते चांगले असावेत अशी त्यांना मुळीच निकड नव्हती. ते स्वस्त असावेत एवढीच होती. फुटाला एक पौंड हा त्या काळचा रूढ दर मानला जातो. काही चित्रपटगृहांत हे चित्रपट सकाळी झाडलोट चालू असताना रिकाम्या खुर्च्यांपुढे दाखविले जात व कायदा पाळल्याचे समाधान मिळविले जाई, अशी कथाही सांगतात. अशा घाईच्या चित्रपटांना उपहासाने 'कोटा क्विकी' हे नाव पडले.

या घाईच्या मालात गुन्हेपटांचा भरणा मोठा असावा हे स्वाभाविकच होते. एक घर, चारदोन खोल्या, एक प्रेत आणि एक निरीक्षक एवढ्यावर कथा उभी राहते. अंधाराच्या दृश्यांत नेपथ्याचे दारिद्र्य झाकले जाते. शिवाय तयार कथानकांचा तुटवडा नव्हता. एडगर वॉलेस या अतिलोकप्रिय लेखकाच्या रहस्यकथा नाटकांच्या व कादंबऱ्यांच्या रूपाने घरोघर पोहोचल्या होत्या. १९२७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश लायन या चित्रपटसंस्थेचा अध्यक्षही तोच होता. १९३२ साली हॉलिवूडमध्ये त्याचा मृत्यू झाला, तरी त्याच्या कथांचा साठा पुढे कैक वर्षे पुरला. १९६० नंतरही मर्टन पार्क येथील लहानशा स्टुडिओत त्याच्या नावाने सुमारे तासाभराच्या गुन्हेपटांची एक मालिका निघत होती.

तथापि या घाईच्या कारखान्याने एक मोठे काम अभावितपणे केले. त्याने माणसे तयार केली. मायकेल पॉवेल या दिग्दर्शकाने १९३१ ते १९३६ या अवधीत असे वीसाहून अधिक चित्रपट काढले. थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत आणि थोड्या जागेत कथा कशी सांगावी, ही विद्या त्याने तेथेच आत्मसात केली. वॉर्नर ब्रदर्सच्या टेडिंग्टन येथील स्टुडिओत आर्थर वुड्स या तरुण दिग्दर्शकाने १९३८ साली 'दे ड्राइव्ह बाय नाइट' हा चित्रपट काढला. रात्रभर मालमोटारी हाकणारे चालक, रस्त्याकडेची चहाची दुकाने आणि कोसळणारा पाऊस यांचे त्यातील चित्रण पाहिले, की खालच्या थरातील इंग्लंडचे दर्शन घडविण्याचे सामर्थ्य या प्रकारात किती होते, याची साक्ष पटते. दुर्दैवाने हा गुणी दिग्दर्शक दुसऱ्या महायुद्धात वायुदलात असताना १९४४ साली मरण पावला. दरम्यान, १९३८ च्या नव्या कायद्याने चित्रपटाच्या खर्चाला किमान मर्यादा घातली आणि अगदी निकृष्ट मालाला काहीसा पायबंद बसला.

२. परीक्षकांची कात्री

कायद्याने जन्म दिला खरा. पण जन्मलेल्या या मुलाने काय बोलावे व काय बोलू नये हे ठरविणारी सत्ता निराळी होती. ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म सेन्सॉर्स ही संस्था १९१२ साली चित्रपटधंद्यातील लोकांनीच स्थापन केली. ती सरकारी संस्था नव्हती. चित्रपटगृहांना परवाने देण्याचा अधिकार १९०९ च्या कायद्याने स्थानिक संस्थांकडे गेला होता, आणि गावोगावच्या निरनिराळ्या निर्णयांपेक्षा एकच मध्यवर्ती निर्णय बरा, या व्यापारी शहाणपणातून हे मंडळ निघाले. १९१६ साली त्याचे अध्यक्ष टी. पी. ओकॉनर यांनी त्रेचाळीस वर्ज्य गोष्टींची यादी सांगितली. मुंबईत १९२० साली जे चित्रपट-परीक्षण मंडळ स्थापन झाले, त्याच्या नियमांवरही या यादीची छाया पडलेली होती. त्यामुळे हा विषय आपल्याकडील वाचकांनाही अगदीच परका वाटू नये.

गुन्हेपटाच्या दृष्टीने या नियमांचा इत्यर्थ असा होता : गुन्हा करण्याची रीत तपशिलाने दाखवू नये, गुन्हेगाराविषयी सहानुभूती उत्पन्न करू नये, फाशीचे दृश्य दाखवू नये, आणि पोलीस व न्यायसंस्था यांची प्रतिष्ठा कमी होईल असे काही करू नये. १९३० नंतरच्या दशकात तर अनेक पटकथा चित्रीकरणापूर्वीच मंडळाकडे जात. मग लेखकाने करावे काय? गुन्हेगाराच्या मनात शिरण्याची वाट बंद झाली, तेव्हा दुसरी एक वाट उघडली. गुन्हा न केलेल्या माणसावर गुन्ह्याचा आरोप यावा, आणि पोलिसांपासून पळता पळता त्यानेच खरा गुन्हेगार शोधावा, ही ती वाट. पळणाऱ्याविषयी वाटणारी सहानुभूती अशा वेळी नियमबाह्य ठरत नाही, कारण तो निर्दोष असतो. पण पाठीमागे पोलीस लागले असता माणसाला काय वाटते, ते मात्र प्रेक्षकाला पुरेपूर अनुभवावयास मिळते.

या वाटेवरचा श्रेष्ठ प्रवासी म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. लंडनच्या लेटनस्टोन भागात १८९९ साली जन्मलेल्या या दिग्दर्शकाने उमेदवारीच्या काळात जर्मनीतील स्टुडिओंत काम केले होते, आणि छायाप्रकाशांतून भय निर्माण करण्याची तेथील रीत त्याने उचलली होती. १९२७ च्या 'द लॉजर' या मूकपटात लंडनमध्ये स्त्रियांचे खून पडत असताना एका घरात राहावयास आलेल्या भाडेकरूवर सर्वांचा संशय जातो. तो खुनी की निर्दोष, हे मोघम ठेवण्याची हिचकॉकची इच्छा होती. परंतु ती भूमिका आयव्हर नॉव्हेलो या लाडक्या नटाकडे असल्यामुळे त्याला निर्दोष ठरविणे भाग पडले. बाजाराचा दंडक आणि परीक्षकांचा दंडक हे दोन्ही एकाच दिशेने ओढत होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९२९ चा 'ब्लॅकमेल' याहून महत्त्वाचा आहे. तो मूकपट म्हणून सुरू झाला व बोलपट म्हणून पुरा झाला. नायिकेचे काम करणारी अ‍ॅनी ओन्ड्रा ही चेक नटी असल्याने तिचे इंग्रजी उच्चार चालण्याजोगे नव्हते. म्हणून ती कॅमेऱ्यापुढे नुसते ओठ हलवी आणि जोन बॅरी ही दुसरी नटी कॅमेऱ्याबाहेर उभी राहून संवाद बोले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते कथेला. अतिप्रसंग करू पाहणाऱ्या एका चित्रकाराचा खून नायिकेच्या हातून होतो. तिचा वाग्दत्त वर स्कॉटलंड यार्डमध्ये अधिकारी आहे. घटनास्थळी तिचा हातमोजा त्याला सापडतो आणि तो निमूटपणे खिशात घालतो. कायद्याचा रक्षकच पुरावा दडवितो! पुढे या दोघांना धमकावून पैसे उकळू पाहणारा इसम पोलिसांच्या पाठलागात मरतो, खुनाचा आळ त्याच्यावर जातो, आणि कबुली द्यावयास आलेल्या नायिकेला ती देण्याची संधीच मिळत नाही. शेवटी तिला अटक व्हावी अशी हिचकॉकची मूळ योजना होती; ती फार उदास वाटल्यामुळे सोडून द्यावी लागली. पण जो शेवट उरला तो सुखान्त म्हणवत नाही. कायदा समाधान पावला, न्याय मात्र झाला नाही, असा तो शेवट आहे.

१९३४ च्या 'द मॅन हू न्यू टू मच' या चित्रपटाच्या वेळी परीक्षकांशी झालेला वाद अधिक बोलका आहे. लंडनमध्ये १९११ साली सिडनी स्ट्रीट येथे सशस्त्र गुन्हेगारांच्या घराला घातलेल्या वेढ्यावर त्यातील अखेरचा प्रसंग बेतला होता. ब्रिटिश पोलिसांच्या हाती बंदुका दाखविण्यास परीक्षकांनी हरकत घेतली. अखेर तडजोड निघाली ती अशी की, पोलिसांकडे स्वतःच्या बंदुका असू नयेत. त्यांनी त्या जवळच्या बंदुकविक्याच्या दुकानातून घ्याव्यात. निःशस्त्र, सभ्य आणि सर्वांचा स्नेही असा जो ब्रिटिश पोलीस पडद्यावर दिसतो, त्याच्या घडणीत परीक्षकांचा असा हात होता.

'द थर्टीनाइन स्टेप्स' (१९३५), 'यंग अँड इनोसंट' (१९३७) आणि 'द लेडी व्हॅनिशेस' (१९३८) या चित्रपटांनी हिचकॉकची कीर्ती अटलांटिकपार नेली व १९३९ साली तो अमेरिकेस गेला. या यशात त्याची पत्नी अल्मा रेव्हिल हिचा वाटा मोठा होता. संकलन व पटकथा या दोन्ही कामांत ती निष्णात होती. त्याला संधी देणारा निर्माता मायकेल बाल्कन मात्र मायदेशीच राहिला. त्याची गाठ आपल्याला पुढे पडणार आहे.

३. युद्धानंतरची कटुता

दुसरे महायुद्ध ब्रिटनने जिंकले. पण विजयानंतर सुबत्ता आली नाही. युद्धकाळातही ज्या पावावर नियंत्रण नव्हते, त्यावर १९४६ साली ते आले आणि मांसाचे रेशनिंग तर १९५४ पर्यंत टिकले. या टंचाईतून काळाबाजार फोफावला, आणि त्याबरोबर 'स्पिव्ह' नावाचा एक नवा इसम रस्त्यांवर वावरू लागला. भपकेदार पोशाख, गोड बोलणे, नायलॉनचे मोजे किंवा दारूची बाटली चढ्या दराने मिळवून देण्याची तयारी, आणि प्रसंग पडल्यास खिशातील वस्तरा, ही त्याची लक्षणे. त्याला लोक नावे ठेवीत आणि त्याच्याकडूनच माल घेत. गुन्हेगार व सज्जन यांच्यामधील जी रेषा युद्धपूर्व चित्रपटांत स्पष्ट होती, ती अशा रीतीने घरोघर पुसट झाली होती.

१९४७ साली निघालेले तीन चित्रपट या स्थितीचे चित्रण करतात. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या अल्बेर्तो काव्हाल्कांती याच्या 'दे मेड मी अ फ्युजिटिव्ह' या चित्रपटात युद्धातून परतलेला एक वैमानिक निव्वळ कंटाळ्यापायी काळाबाजारवाल्यांच्या टोळीत सामील होतो आणि फसविला जाऊन तुरुंगात जातो. खलनायक मरताना सत्य सांगेल आणि नायक सुटेल, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते. तो काहीही न सांगता मरतो. नायकाला पुन्हा तुरुंगाची वाट धरावी लागते.

रॉबर्ट हेमर याचा 'इट ऑल्वेज रेन्स ऑन संडे' हा चित्रपट लंडनच्या ईस्ट एंड भागातील एका पावसाळी रविवारात घडतो. तुरुंगातून पळालेला एक कैदी आपल्या पूर्वीच्या प्रेयसीच्या घरात आश्रय घेतो. ती आता दुसऱ्याची बायको आहे. स्वयंपाक, धुणे आणि सावत्र मुली यांत तिचा दिवस बुडालेला आहे. गूगी विदर्स या नटीने ही भूमिका अत्यंत संयमाने वठविली आहे. कैद्याच्या पाठीवर फटक्यांचे वळ तिच्या दृष्टीस पडतात, तो प्रसंग एका क्षणाचा आहे. परंतु फटक्यांची शिक्षा देण्याचा न्यायालयांचा अधिकार पार्लमेंटने १९४८ साली काढून घेतला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या क्षणाचे महत्त्व कळते.

तिसरा चित्रपट 'ब्रायटन रॉक'. ग्रॅहॅम ग्रीनच्या कादंबरीवरून स्वतः ग्रीन व टेरेन्स रॅटिगन यांनी त्याची पटकथा लिहिली. जॉन बोल्टिंग याने दिग्दर्शन केले आणि त्याचा जुळा भाऊ रॉय हा निर्माता होता. वस्तराधारी टोळीचा सतरा वर्षांचा म्होरक्या पिंकी ही भूमिका रिचर्ड अ‍ॅटनबरो याने केली. येथे गुन्हेगाराच्या मनात शिरण्याची बंद वाट प्रथमच इतकी उघडली. अर्थात दारावर पाटी लावावी लागलीच : चित्रपटात दाखविलेले ब्रायटन हे दोन युद्धांच्या मधल्या काळातील असून आता ते तसे राहिलेले नाही, असा खुलासा प्रारंभीच करण्यात आला होता.

१९४९ च्या 'द थर्ड मॅन' या चित्रपटात ही कटुता इंग्लंडबाहेर, व्हिएन्ना नगरीत गेली. कॅरोल रीडचे दिग्दर्शन, ग्रीनची पटकथा, ऑस्ट्रेलियात वाढलेल्या रॉबर्ट क्रास्करचे छायाचित्रण आणि व्हिएन्नातीलच अंटोन कारास याने झिथर या तंतुवाद्यावर वाजविलेले संगीत यांचा त्यात दुर्मिळ मेळ जमला. नगरी चार विजयी राष्ट्रांत वाटली गेली आहे; कायदाही तसाच वाटला गेला आहे; आणि त्या फटींतून हॅरी लाइम भेसळीचे पेनिसिलिन विकतो, ज्यामुळे मुले मरतात. मित्रावरील निष्ठा श्रेष्ठ की कायद्याला साह्य करणे श्रेष्ठ, हा त्यातील खरा प्रश्न आहे. नायक अखेर कायद्याची बाजू घेतो. पण त्यापायी तो ज्या स्त्रीवर प्रेम करू लागला होता, तिला गमावून बसतो.

४. निळा दिवा

आता मायकेल बाल्कन याच्याकडे वळू. १९३८ पासून तो ईलिंग स्टुडिओचा प्रमुख होता. त्याच्या स्टुडिओने १९५० च्या जानेवारीत 'द ब्ल्यू लँप' हा चित्रपट प्रदर्शित केला. ब्रिटनमधील पोलीसठाण्यांवर निळा दिवा असतो. त्यावरून हे नाव. पटकथा लिहिणारा टी. ई. बी. क्लार्क युद्धकाळात स्वतः राखीव पोलीस होता. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन आणि निर्माता मायकेल रेल्फ ही जोडी पुढे आपल्या विषयात महत्त्वाची ठरणार आहे.

कथा साधी आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेला जॉर्ज डिक्सन हा पोलीस शिपाई एका चित्रपटगृहातील दरोड्याच्या वेळी टॉम रायली या तरुणाच्या गोळीने मरतो. मग सारे शहर त्या तरुणाच्या विरुद्ध एक होते. कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गर्दीत तो दडू पाहतो, तेव्हा शर्यतीवर पैजा घेणारे बुकी व त्यांचे हस्तक आपल्या नेहमीच्या खुणांनी त्याची वार्ता पोलिसांना पोहोचवितात. म्हणजे कायद्याच्या कडेवर जगणारे लोकसुद्धा या गुन्ह्यापुढे कायद्याच्या बाजूस येतात. समाज एक आहे, कायदा त्याचा आहे, आणि जो त्याविरुद्ध जातो तो एकटा पडतो, हा या चित्रपटाचा सिद्धान्त होय. लोकांना तो इतका भावला, की पडद्यावर मेलेला डिक्सन दूरदर्शनच्या मालिकेत जिवंत करण्यात आला व १९५५ पासून १९७६ पर्यंत आपले कर्तव्य बजावीत राहिला.

रायलीची भूमिका डर्क बोगार्ड या नटाने केली होती. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

५. फाशीची कोठडी

'द ब्ल्यू लँप' मधील रायली पकडला जातो तेथे चित्रपट संपतो. पुढे काय होणार हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. पोलिसाच्या खुन्याला फाशी होणार हे प्रेक्षक जाणून होते. परंतु त्याच काळात या 'पुढे काय' विषयी ब्रिटनमध्ये तीव्र वाद माजला होता. १९४८ साली हाऊस ऑफ कॉमन्सने फाशी काही वर्षे स्थगित करण्याच्या बाजूने मत दिले. लॉर्ड्स सभेने ते फेटाळले. त्यानंतर तीन प्रकरणांनी लोकमानस हादरले. १९५० साली टिमोथी इव्हान्स याला फाशी देण्यात आली आणि तीन वर्षांनी त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी हा अनेक स्त्रियांचा खुनी असल्याचे उघडकीस आले. जानेवारी १९५३ मध्ये डेरेक बेंटली या एकोणीस वर्षांच्या तरुणाला फाशी झाली. गोळी त्याच्या साथीदाराने झाडली होती आणि त्या वेळी बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता. १३ जुलै १९५५ रोजी रूथ एलिस हिला फासावर चढविण्यात आले. ब्रिटनमध्ये फाशी गेलेली ती अखेरची स्त्री होय.

या पार्श्वभूमीवर १९५६ साली 'यील्ड टू द नाइट' हा चित्रपट आला. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. मूळ कादंबरी जोन हेन्री या लेखिकेची; तिने स्वतः तुरुंगवास भोगलेला होता. पुष्कळांना हा चित्रपट रूथ एलिसच्या कथेवर आधारलेला वाटतो. वस्तुतः कादंबरी १९५४ सालीच, म्हणजे त्या प्रकरणापूर्वी, प्रसिद्ध झाली होती. योगायोग आणखी एक असा की, या चित्रपटाची नायिका डायना डोर्स हिच्याच १९५१ च्या एका चित्रपटात रूथ एलिसने अगदी किरकोळ काम केले होते.

या चित्रपटाचे वैशिष्ट्य कशात आहे? फाशीविरुद्ध युक्तिवाद करणाऱ्या कथेत आरोपी निर्दोष असणे सोयीचे असते. येथे ती सोय नाकारली आहे. नायिका खून करते. तो प्रेक्षकांसमोर, आरंभीच करते. आणि विचारपूर्वक करते. मग उरलेला बराचसा चित्रपट फाशीच्या कोठडीत घडतो. दिवा रात्रंदिवस जळतो. पहारेकरीण स्त्रिया तिच्याबरोबर पत्ते खेळतात, तिला खाऊपिऊ घालतात, तिची प्रकृती जपतात. कारण तिला ठरलेल्या दिवसापर्यंत धडधाकट ठेवावयाचे आहे. कोठडीतील एका दाराकडे तिची दृष्टी वारंवार जाते. झगमगाटासाठी प्रसिद्ध असलेली डायना डोर्स येथे कोणत्याही प्रसाधनाविना, कैदिणीच्या साध्या वस्त्रांत दिसते. फाशीचे दृश्य दाखविण्यास मनाई होती, आणि चित्रपट ते दाखवीतही नाही. वाट पाहणे एवढेच तो दाखवितो. परीक्षकांचे बंधन हेच येथे कलेचे बळ ठरले, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच वर्षी कॉमन्सने फाशी रद्द करण्याचे विधेयक संमत केले, आणि लॉर्ड्स सभेने ते पुन्हा फेटाळले.

पुढच्या वर्षीचा 'टाइम विदाउट पिटी' याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घालतो. त्याचा दिग्दर्शक जोसेफ लोझी हा राजकीय मतांमुळे अमेरिकेत काळ्या यादीत पडून ब्रिटनला आलेला होता. १९५४ चा 'द स्लीपिंग टायगर' त्याला दुसऱ्याच्या नावाने प्रदर्शित करावा लागला होता. 'टाइम विदाउट पिटी' मात्र त्याने स्वतःच्या नावाने काढला. मुलाच्या फाशीला एकच दिवस उरला असता एक मद्यासक्त बाप त्याचे निरपराधित्व सिद्ध करू पाहतो. खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्याच दृश्यात कळते; त्यामुळे रहस्य उरत नाही, उरतो तो फक्त वेळ. सर्व भिंतींवरची घड्याळे जणू कायद्याच्या बाजूने साक्ष देत असतात. ते संपण्यापूर्वी पुरावा निर्माण करण्यासाठी बाप अखेर स्वतःचाच प्राण देतो.

१९५७ च्या होमिसाइड अ‍ॅक्टने फाशी काही प्रकारच्या खुनांपुरती मर्यादित केली. गोळी घालून केलेला खून फाशीस पात्र राहिला. विष घालून केलेला राहिला नाही. अशा तर्कहीन भेदावर कायदा फार काळ उभा राहणे शक्य नव्हते. १९६५ साली खुनासाठी फाशी स्थगित झाली व १९६९ साली कायमची रद्द झाली. इव्हान्सला १९६६ साली मरणोत्तर माफी मिळाली. बेंटलीचा दोषनिर्णय १९९८ साली रद्द ठरला. इव्हान्स प्रकरणावरील '१० रिलिंग्टन प्लेस' हा चित्रपट १९७१ साली निघाला. त्यात क्रिस्टीची भूमिका रिचर्ड अ‍ॅटनबरो याने केली. चोवीस वर्षांपूर्वी पिंकी झालेला हा तोच नट.

६. कायदा पिंजऱ्यात

फाशीच्या चित्रपटांनी शिक्षेविषयी शंका घेतली होती. गुन्हा हा गुन्हा आहे की नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. तो प्रश्न १९६१ साली विचारला गेला, आणि तो विचारणारे डिअर्डन व रेल्फ हेच होते. ज्यांनी निळ्या दिव्याचे स्तोत्र गाइले, त्यांनीच आता दिव्याखालचा अंधार दाखविला. मध्यंतरी, १९५८ च्या नॉटिंग हिल येथील वर्णद्वेषी दंगलींनंतर, त्यांनी 'सफायर' (१९५९) हा चित्रपट काढला होता. एका मिश्रवर्णी तरुणीच्या खुनाचा तपास करता करता लंडनच्या सभ्य घरांतील द्वेष त्यात उघडा पडतो. त्याची लेखिका जॅनेट ग्रीन हिनेच जॉन मॅकॉर्मिक याच्या साह्याने 'व्हिक्टिम' लिहिला.

पुरुषांमधील समलिंगी संबंध त्या वेळी इंग्लंडात गुन्हा होते. १८८५ च्या कायद्यातील एका कलमाला 'धमकावून पैसे उकळणाऱ्यांची सनद' असे म्हटले जाई, कारण त्या कलमाच्या भीतीने लोक मुकाट्याने पैसे भरीत आणि तक्रार करू धजत नसत. वुल्फेंडन समितीने १९५७ साली हे संबंध, प्रौढांच्या संमतीने व खाजगीत असतील तर, गुन्हा मानू नयेत अशी शिफारस केली होती. सरकारने ती बाजूस ठेवली होती. 'व्हिक्टिम' मध्ये एक तरुण कारकून पैसे उकळणाऱ्यांचे तोंड बंद करण्यासाठी मालकाचे पैसे चोरतो आणि पोलीस कोठडीत गळफास लावून घेतो. त्याच्याशी स्नेह असलेला बॅरिस्टर मेलव्हिल फार हा त्या टोळीचा छडा लावतो. साक्ष दिली तर आपली पदवी, आपला संसार आणि आपले नाव यांवर पाणी सोडावे लागेल, हे तो जाणतो, आणि तरीही साक्ष देण्याचे ठरवितो.

ही भूमिका डर्क बोगार्ड याने केली. अकरा वर्षांपूर्वी कायद्याच्या रक्षकावर गोळी झाडणारा तो हाच नट. त्या चित्रपटात सारा समाज एका गुन्हेगाराविरुद्ध एक झाला होता. या चित्रपटात एक कायदेपंडित अन्यायी कायद्याविरुद्ध एकटा उभा राहतो. रचना मात्र जुनीच आहे : आत्महत्या, तपास, संशयित, पाठलाग, उलगडा. परीक्षक मंडळाचे सचिव जॉन ट्रेव्हेल्यन यांच्याशी वाटाघाटी होऊन चित्रपटाला प्रौढांसाठीचे 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले. त्रेचाळीस वर्ज्यांची यादी करणारे मंडळ येथवर आले होते. १९६७ साली इंग्लंड व वेल्समधील कायदा वुल्फेंडन समितीच्या शिफारशीनुसार बदलण्यात आला.

उपसंहार

चित्रपटांमुळे कायदे बदलले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कायदे बदलतात ते दीर्घ चळवळींनी, समित्यांच्या अहवालांनी आणि पार्लमेंटमधील मतांनी. चित्रपटाला एकच गोष्ट करता येते : कायद्याच्या पुस्तकात जे कलम असते, त्याला तो माणसाचा चेहरा देतो. फाशीच्या कोठडीत वाट पाहणारी स्त्री आणि पोलीस कोठडीत गळफास घेणारा कारकून यांना ज्यांनी अंधाऱ्या चित्रपटगृहात बसून पाहिले, त्यांना तो प्रश्न पुन्हा नुसता आकडा किंवा कलम म्हणून पाहणे कठीण गेले असणार.

या सहिष्णुतेलाही मर्यादा होत्या, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. कोट्याच्या चित्रपटांतून तयार झालेल्या मायकेल पॉवेलने १९६० साली 'पीपिंग टॉम' काढला. त्यातील खुनी कॅमेऱ्याने स्त्रियांच्या मरणभयाचे चित्रण करतो, आणि ते पाहणारा प्रेक्षकही त्या दृष्टीचा भागीदार होतो. समीक्षक त्यावर तुटून पडले व पॉवेलच्या ब्रिटनमधील कारकीर्दीला जबर धक्का बसला. कायद्याला आरोपी केलेले प्रेक्षकांनी सोसले. स्वतःला आरोपी केलेले सोसले नाही.

ज्या प्रकाराचा जन्म फुटाला एक पौंड या हिशेबाने झाला, ज्याला पोलिसांच्या हाती बंदूक देण्यासाठीसुद्धा दुकानदाराची आडवाट शोधावी लागली, त्याच प्रकाराने तीन दशकांत राष्ट्राच्या न्यायबुद्धीला प्रश्न विचारण्याइतके बळ कमावले. हे बळ कोणा एका प्रतिभावंताचे नव्हते. त्यात घाईचे चित्रपट काढणारे कारागीर होते, परदेशांतून आलेले निर्वासित होते, तुरुंग पाहिलेली लेखिका होती आणि एकाच आयुष्यात पोलिसाचे स्तोत्र व कायद्याची चिकित्सा या दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे करणारे दिग्दर्शक व निर्माते होते. करमणुकीच्या हलक्या मानलेल्या प्रकारांकडे अभ्यासकांनी का पाहावे, याचे उत्तर त्यांच्या कार्यात आहे. समाज स्वतःविषयी जे उघडपणे बोलण्यास कचरतो, ते पुष्कळदा अशा प्रकारांतूनच प्रथम बोलले जाते.